आधी वीस मिनिटं, मग शिट्टी

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात जिल्हास्तरीय शालेय फुटबॉल स्पर्धेसाठी मी आमच्या शाळेचा सतरा वर्षांखालील मुलांचा संघ घेऊन गेलो होतो. पहाटे पाचला मुलं एसटी स्टँडवर जमली. घाटातली वळणं, मध्येच रस्त्यावर आडवं पडलेलं झाड, ते बाजूला होईपर्यंतचा खोळंबा, असं करत साडेतीन तासांनी आम्ही पोचलो. मोजे आणि शिनगार्ड मुलांनी बसमध्येच चढवले होते. मैदानाच्या कुंपणाशी उतरतोय तोच आमच्या नावाचा पुकारा झाला: पाच मिनिटांत संघ आत आला नाही तर समोरच्यांना पुढे चाल. बुटांच्या नाड्या आवळत मुलं धावली. सामना सुरू होऊन चार मिनिटं झाली असतील. उजव्या बगलेवरून खेळणारा आमचा सगळ्यात वेगवान मुलगा एका लांब पासवर सुटला, सहा-सात पावलं गेला आणि मांडीच्या मागे हात दाबून चिखलात बसला. कुणाचा धक्का लागला नव्हता, पायात पाय अडकला नव्हता. मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, फाटला होता. दोन महिने तो लंगडत शाळेत आला. बरा झाला तोवर मोसम संपला होता, आणि पुढच्या वर्षी तो वयोगटाबाहेर गेला.

वॉर्म-अप झाला असता तर ती दुखापत नक्की टळली असती, असं मी म्हणणार नाही. एका मुलाच्या एका स्नायूबद्दल असं छातीठोक कुणालाच सांगता येत नाही. पण ते पोर साडेतीन तास गुडघे मुडपून बसलं होतं आणि पाच मिनिटांत त्याला जिवाच्या आकांताने धावायला सांगितलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. सांगणाऱ्यांत मीही होतो. आयोजकांची ओढाताण मला दिसत होती. एका मैदानावर एका दिवसात आठ-दहा सामने, वर पाऊस, संध्याकाळी परतीची शेवटची गाडी. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. तरीही त्याआधी हे घडत होतं आणि त्यानंतरही घडत आलं आहे. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. संघ मैदानावर पोचल्यापासून पहिल्या शिट्टीपर्यंत किमान वीस मिनिटं मिळाली पाहिजेत, आणि ती स्पर्धेच्या वेळापत्रकात, नियम म्हणून छापलेली असली पाहिजेत. प्रशिक्षकाच्या आग्रहावर किंवा एसटीच्या वेळेवर ती अवलंबून राहता कामा नयेत.

हे बोललं की आमच्याकडे पहिलं उत्तर ठरलेलं असतं. ‘अहो, कोकणात आहोत आपण. इथे अंग तापलेलंच असतं. घाम तर बघा.’ या उत्तरापाशी जरा थांबायला हवं, कारण ते खरं वाटतं. आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, नुसतं उभं राहिलं तरी सदरा अंगाला चिकटतो. पण घाम कातडीची हकीकत सांगतो, स्नायूची नाही. मांडीच्या आत, हाडाभोवतीचा स्नायू तापतो तो काम केल्यावर. बसमध्ये बसलेल्या मुलाचा तो स्नायू शरीराच्या गाभ्यापेक्षा थंडच असतो. आणि जुलैमध्ये खिडकीतून येणारे पावसाचे सपकारे अंगावर घेत ओल्या कपड्यांनी आलेला मुलगा तर खरोखरच गारठलेला असतो.

स्नायू तापला की होतं काय? मेंदूकडून स्नायूकडे जाणारा निरोप वेगाने पोचतो. स्नायूतल्या रासायनिक क्रिया भराभर होतात. रक्तातला प्राणवायू स्नायूला अधिक सहज सुटून मिळतो. आत जो एक चिवट ताठरपणा असतो, तो सैल होतो. स्नायूचं तापमान एका अंशाने वाढलं तर उडी आणि वेगवान धाव यांसारख्या ताकदीच्या कामात साधारण २ ते ५ टक्क्यांची सुधारणा होते, असं शरीरक्रियाशास्त्र सांगतं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. समजा, वीस मीटरच्या धावेत तीन टक्क्यांचाच फरक पडला. वीस मीटरचे तीन टक्के म्हणजे साठ सेंटिमीटर. दोन मुलं एकाच चेंडूवर धावत असतील तर तो कुणाच्या पायाला आधी लागेल, हे त्या दोन फुटांत ठरतं. हे तापमान हालचाल सुरू केली की लागलीच वर जात नाही. व्यायामाच्या पहिल्या तीन ते पाच मिनिटांत ते भरकन वाढतं, आणि दहा ते वीस मिनिटांत स्थिरावतं. वीस मिनिटांचा आग्रह इथून आला आहे. मोठ्या अकादमींची नक्कल करायची म्हणून तो नाही.

शालेय स्पर्धेच्या रचनेमुळे हा हिशेब आणखी कडक होतो. सगळे सामने बाद पद्धतीचे. हरलात की घरी. शिवाय एका दिवसात स्पर्धा उरकायची म्हणून सामन्याची वेळ कापलेली असते. मी पंधरा-पंधरा आणि वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफांचे सामने कित्येक वेळा पाहिले आहेत. थंड अंगाने उतरलेल्या संघाला लय सापडायला दहा मिनिटं लागली, तर चाळीस मिनिटांच्या सामन्याचा चौथा हिस्सा तिथेच गेला. गावातल्याच शाळेचा संघ सकाळपासून मैदानावर चेंडू खेळत असतो आणि मंडणगड किंवा राजापूरच्या टोकाकडून आलेला संघ बसमधून थेट आत जातो. त्या सामन्याचा निकाल बऱ्याचदा भूगोल लावतो. वर्षभर कातळावर सराव केलेल्या मुलांवर हा अन्याय आहे, आणि वेळापत्रक नीट आखलं तर तो टाळता येण्याजोगा आहे.

आता आमच्या, म्हणजे क्रीडाशिक्षकांच्या बाजूकडे वळतो, कारण वेळ मिळाला तरी आम्ही त्याचं काय करतो हा प्रश्न उरतोच. मी शाळेत शिकलो, पुढे शिक्षक झालो, तेव्हा जे वॉर्म-अप म्हणून चालत होतं तेच आजही बहुतेक मैदानांवर दिसतं. मैदानाला दोन फेऱ्या. मग गोल करून उभं राहायचं, वाकून पायाचे अंगठे धरायचे आणि एक-दोन-तीन-चार मोजत तसंच थांबायचं. मग एक पाय मागे दुमडून घोटा धरायचा आणि पुन्हा मोजायचं. याला स्थिर स्ट्रेचिंग म्हणतात. मी स्वतः हे दहा-बारा वर्षं निष्ठेने करवून घेतलं, कारण मला तसंच शिकवलं गेलं होतं आणि ते चांगलं दिसतं. ओळीत वाकलेली मुलं पाहून पालकांनाही वाटतं, सर शिस्तीने घेताहेत.

पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या अभ्यासांनी या पद्धतीबद्दल दोन गोष्टी पुरेशा स्पष्ट केल्या आहेत. एकेक स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताणून धरला, तर त्यानंतर लगेच त्याची ताकद सरासरी चार-पाच टक्क्यांनी कमी भरते. ताण मिनिटाच्या आत असेल तर घट एखाद्या टक्क्यावर येते. म्हणजे वॉर्म-अपने जे कमवायचं, ते आपण लांबलचक ताण देऊन घालवतो. दुसरी गोष्ट दुखापतीची. ऑस्ट्रेलियात लष्करात नव्याने भरती झालेल्या १,५३८ जवानांवर एक मोठा प्रयोग झाला आणि २००० साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी रोजच्या कवायतीआधी पायांचे स्नायू ताणले, निम्म्यांनी नाही. बारा आठवड्यांत दोन्ही गटांच्या दुखापतींत सांगण्याजोगा फरक पडला नाही. स्थिर स्ट्रेचिंग वाईट आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. दहा-पंधरा सेकंद ताणून मुलं पुढे धावणार, उड्या मारणार असतील तर काही बिघडत नाही. संध्याकाळी सराव संपल्यावर ते सावकाश करावं. लवचिकता त्याने वाढते, आणि वाढत्या वयात हाडं लांबत असताना स्नायू आखडतात, तेव्हा तिची गरजही असते. फक्त शिट्टीच्या आधीच्या वीस मिनिटांत तो मुख्य कार्यक्रम असू नये.

मग काय असावं? आमच्या भागात डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, बसणारे बुवा पहिल्या गजराआधी काय करतात ते आठवा. पखवाजाला कणीक लागते, ठोकून सूर जुळवला जातो, पेटीवर हलकेच बोटं फिरतात, आवाज खालच्या पट्टीतून वर नेला जातो. पुढे जे गायचं-वाजवायचं तेच आधी कमी जोराने सुरू होतं. मैदानावरचा क्रमही तसाच आहे. आधी हलकी धाव, श्वास आणि रक्त चालू होण्यापुरती. मग पुढे खेळात ज्या सांध्यांना काम पडणार आहे त्यांना चालत-धावत मोकळं करणं: गुडघा उचलून बाहेर फिरवणं, आत फिरवणं, मांडीचे झोके, लांब पाऊल टाकून खाली बसणं, आडवं सरकणं, मागे धावणं. मग नितंब, पोट, कंबर यांना जागं करणं. बसमध्ये हेच स्नायू झोपलेले असतात. आणि शेवटी दोन-तीन जोरदार उड्या, तीन-चार छोट्या पूर्ण वेगाच्या धावा, मध्ये पुरेशी विश्रांती. हा शेवटचा भाग हमखास गाळला जातो आणि नेमका तोच स्नायूला चेतवतो. नुकतंच जोरकस आकुंचन केलेला स्नायू पुढची काही मिनिटं अधिक जोमाने काम करतो. मोठे खेळाडू त्यासाठी वजनं उचलतात. आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ती नकोत, कारण ताकदीचा पाया नसताना जड वजनाने चेतना कमी आणि थकवाच जास्त येतो. उडी आणि धाव पुरे.

हे सगळं एकत्र बांधलेला आराखडा फुकट उपलब्ध आहे आणि तो आपल्यासारख्यांना, साधनं नसलेल्या मैदानांवरही करता येतो. त्याचं नाव फिफा ११ प्लस. फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने ऑस्लो आणि कॅलिफोर्नियातल्या तज्ज्ञांबरोबर २००६ मध्ये तो तयार केला. तीन भाग, पंधरा व्यायाम, वीस मिनिटं. आठ मिनिटं संथ धावेचे प्रकार, दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटची दोन मिनिटं वेगवान धाव आणि दिशाबदल. चौदा वर्षांपासून पुढच्या खेळाडूंसाठी, आठवड्यातून किमान दोनदा. चेंडूशिवाय दुसरं काही लागत नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर त्याची एका अख्ख्या मोसमात चाचणी झाली. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००८ साली आलेल्या निष्कर्षानुसार तो करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी होत्या. लहानांसाठी वेगळा कार्यक्रम आहे. युरोपातल्या चार देशांत ७ ते १२ वयाच्या सुमारे ३,९०० मुलामुलींवर त्याची चाचणी झाली, आणि तिथेही दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या.

एक गोष्ट मात्र आमचे बरेच सहकारी चुकतात. व्हिडिओ पाहून उत्साहाने सुरू करतात आणि सामन्याच्या सकाळीही ताकदीचा मधला भाग पूर्ण घेतात. मुलांचे पाय जड होतात आणि मग ‘ते फॉरेनचं आपल्याला झेपत नाही’ असा निष्कर्ष निघतो. मूळ सूचनेतच लिहिलं आहे की सामन्याच्या दिवशी फक्त पहिला आणि तिसरा, म्हणजे धावेचे भाग घ्यायचे. त्यात दहा मिनिटं जातात. उरलेली दहा चेंडूसाठी: छोटे पास, गोलरक्षकाला थोडे फटके, एक छोटा तीनास तीनचा खेळ. ताकदीचा भाग सरावाच्या दिवसांचा आहे, आणि त्याचं फळ दोन-तीन महिने सातत्य ठेवल्यावर मिळतं. स्पर्धेच्या आठवड्यात सुरू करून काही हाती लागत नाही.

त्या मधल्या भागातला एक व्यायाम मला स्वतःला फार मोलाचा वाटतो. जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे, गुडघ्यांवर उभ्या मुलाने पाठ आणि कंबर ताठ ठेवून पुढे हळूहळू पडत जायचं, मांडीमागच्या स्नायूच्या बळावर जमेल तितकं सावरायचं आणि शेवटी हातांवर यायचं. याला नॉर्डिक म्हणतात. आमच्या मुलांनी त्याला ‘माड’ नाव दिलं आहे, कारण वादळात माड असाच आख्खा कलतो. ‘सर, आज किती माड?’ असं विचारतात. सुरुवातीला तीन ते पाच, रुळल्यावर सात ते दहा. पुढे बारा-पंधरापर्यंत जाता येतं. पहिले दोन आठवडे मांड्या दुखतात, हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर घरून निरोप येतो. जवळपास साडेआठ हजार खेळाडूंची आकडेवारी एकत्र करून २०१९ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात, हा व्यायाम ज्यांच्या कार्यक्रमात होता त्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्याने कमी दिसल्या. चिखलात बसलेला तो मुलगा मला प्रत्येक वेळी आठवतो. आमच्याकडे पुळण आहे, गुडघ्याखाली गादी लागत नाही, ओहोटी लागली की ओली घट्ट वाळू मैदानासारखी उघडी पडते. या व्यायामासाठी इतकी चांगली जागा मोठ्या शहरातल्या शाळांना मिळत नाही.

वाळूबद्दल एक सावधगिरी मात्र हवी. कोरड्या, भुसभुशीत वाळूत धावायला घट्ट जमिनीपेक्षा सुमारे दीडपटीहून जास्त शक्ती खर्च होते आणि पोटऱ्यांवर ताण येतो. सरावाला ते उत्तम, सामन्याच्या सकाळी मुळीच नको. उलट जांभ्याच्या सड्यावरची मैदानं दगडासारखी कडक, वर बारीक खडी. तिथे उड्यांची संख्या आवरती ठेवावी. बारा ते पंधरा वयातली, झपाट्याने उंची वाढत असलेली मुलं गुडघ्याच्या खाली किंवा टाचेत दुखतं म्हणून सांगतात, तेव्हा ‘नाटकं करू नकोस’ असं कृपा करून म्हणू नये. त्या वयात हाडाच्या वाढीच्या जागी स्नायूचा ताण येऊन खरंच दुखतं.

मुलींच्या संघांबद्दल वेगळं लिहिलंच पाहिजे. आमच्या जिल्ह्यांत मुली फुटबॉल खेळू लागल्या आहेत, आणि नवी मुंबईच्या मैदानावर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली, हे त्यांच्यातल्या कित्येकींनी टीव्हीवर पाहिलं आहे. गुडघ्यातली हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पुढचा तिरका अस्थिबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दोन-तीन पट असतं. बहुतेक वेळा तो धक्क्याने तुटत नाही. उडीवरून उतरताना किंवा झटकन वळताना गुडघा आत कलंडतो आणि तुटतो. शस्त्रक्रिया, वर्षभराची विश्रांती, आणि आमच्या भागात त्यानंतर मुलीला पुन्हा मैदानावर पाठवणारे पालक विरळाच. उडीवरून उतरताना गुडघे वाकवून, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून, आवाज न करता उतरायचं, एवढं वॉर्म-अपमध्ये रोज दहा वेळा करून घेतलं तरी शरीराला सवय लागते. ‘मांजरीसारखी उतर’ म्हटलं की मुलींना नेमकं कळतं.

इथे मला माझ्या आवडीचा मुद्दा मांडायचा आहे. लहान मुलांच्या त्या कार्यक्रमात काय काय आहे हे मी बारकाईने पाहिलं. एका पायावर उड्या, तोल, अचानक थांबणं, दिशा बदलणं, पडताना अंग गोळा करणं. मला हसू आलं नाही, वाईट वाटलं. आमच्या अंगणांतून गेलेली लंगडी म्हणजे दुसरं काय होतं? एका पायावर पाठलाग, घोट्याचा आणि गुडघ्याचा तोल, मधूनच हुलकावणी. आट्यापाट्यांत पाटी अडवणारा आडवा सरकतो तो बचावपटूच असतो. खो-खोमधला खांबाजवळचा वळसा म्हणजे जोरात धावत वळण्याचा धडा. चौदा वर्षांखालच्या मुलांना गोलात उभं करून आकडे मोजण्यापेक्षा पाच मिनिटं लंगडी द्या, पायांची अदलाबदल करून. तापमान वाढेल, तोल साधेल आणि मुलं हसत मैदानात जातील. लंगडीवर असे प्रयोग झाले आहेत असा माझा दावा नाही. पण त्या आराखड्यांत शरीराकडून जी कामं मागितली आहेत, ती आपल्या खेळांत आधीपासून आहेत, आणि आपल्या मुलांना ती भाषा शिकवावी लागत नाही.

पाऊस आणि उन्हाळी उकाडा या दोन्ही टोकांचा विचार नियमात हवा. पावसात खरी अडचण वॉर्म-अपनंतरची असते. मुलं तापतात, मग पाहुण्यांची ओळख, नाणेफेक, फोटो यात पंधरा मिनिटं भिजत उभी राहतात आणि कमावलेली ऊब निघून जाते. सोहळा आधी उरकावा, वॉर्म-अप नंतर, आणि मग थेट सामना. कोरडी जर्सी पिशवीत राखून ठेवावी, मधल्या वेळात रेनकोट घालायला लावावा. हाफ-टाईमचंही तसंच. डेन्मार्कमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मध्यंतरात नुसत्या बसलेल्या फुटबॉलपटूंच्या मांडीच्या स्नायूचं तापमान सुमारे दोन अंशांनी उतरलं आणि दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला त्यांची धाव मंदावली. मध्यंतराच्या शेवटी सात मिनिटं मध्यम गतीने धावलेल्यांचा वेग टिकला. आपल्याकडे मध्यंतर पाच मिनिटांचं, त्यामुळे सात मिनिटं शक्य नाहीत, पण शेवटची दोन मिनिटं मुलांनी उभं राहून हलतं राहायला काय हरकत आहे? बदली खेळाडूंना तर कुणी वालीच नसतो. छत्रीखाली बाकावर आकसून बसलेल्या मुलाला पंधराव्या मिनिटाला हाक मारून आत ढकलतात.

ऑक्टोबरच्या उन्हात उलटं. तेव्हा दमट हवेत शरीर आतून जास्त तापलं तर दमसास लवकर संपतो. वॉर्म-अप दहा-बारा मिनिटांवर आणावा, सावलीत घ्यावा, पाणी जवळ ठेवावं. धावा कमी कराव्यात, पण शेवटच्या त्या दोन-तीन वेगवान धावा सोडू नयेत.

२०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात आला, नवी मुंबईत सामने झाले, आणि १५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांत मुलामुलींनी फुटबॉल खेळावा म्हणून मोठी मोहीम झाली. शाळांना चेंडू मिळाले. तो आनंद मी विसरलेलो नाही. ज्या वाड्यांवर कधी फुटबॉल दिसला नव्हता तिथे तो दिसला. पण चेंडूबरोबर चेंडूआधीची वीस मिनिटं कुणी पाठवली नाहीत. आमच्या लहान पटाच्या कित्येक शाळांत क्रीडाशिक्षकच नाही. भूगोलाचे सर किंवा चित्रकलेच्या बाई संघ घेऊन येतात, प्रवेशिका भरतात, मुलांच्या डब्यांची काळजी घेतात. त्यांच्याकडून शास्त्रशुद्ध वॉर्म-अपची अपेक्षा करणं चूक आहे. पण मोसमाच्या सुरुवातीला तालुक्याच्या ठिकाणी एका शनिवारी तीन तासांचं प्रात्यक्षिक घेतलं तर त्यांना हे सहज जमेल. यात न जमण्याजोगं काही नाही. त्याला खर्च तरी किती येणार? मुलांच्या एका दिवसाच्या एसटी भाड्याइतका.

‘वेळ कुठून आणायचा?’ हा आयोजकांचा प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर देणं माझं काम. एक सामना चालू असताना पुढच्या दोन संघांनी वॉर्म-अप करायचा, म्हणजे जास्तीचा वेळ लागतच नाही. लागते ती जागा. गोलपोस्टच्या मागे किंवा बाजूरेषेपलीकडे दहा मीटर रुंद, तीसेक मीटर लांब पट्टी दोरीने आखून ठेवायची आणि तिथे प्रेक्षकांच्या मोटरसायकली लावू द्यायच्या नाहीत. लांबच्या तालुक्यांचे सामने सकाळच्या सत्रात लावायचे नाहीत. आणि पुढे चाल देण्याआधी, संघ हजर असेल तर त्याला वीस मिनिटांची मुभा द्यायची. शाळांच्या बाजूनेही वेळेचं रडगाणं असतंच: तासाभराच्या सरावातली वीस मिनिटं यातच गेली तर खेळ कधी? खेळाडूंनी ताकदीचा भाग सरावाच्या शेवटी केला तरी चालतं आणि उलट तो अधिक नियमाने होतो, असं ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसून आलं आहे. आम्हीही आता तसंच करतो. सुरुवातीला दहा मिनिटं, शेवटी दहा.

‘आम्ही कुठे केलं होतं हे सगळं? तरी खेळलोच ना!’ असं म्हणणारे जुने खेळाडू मैदानाच्या कडेला नेहमी भेटतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ते शाळेला तीन-चार किलोमीटर चालत जायचे, माडावर चढायचे, भातलावणीला उतरायचे. आजचं मूल शाळेच्या व्हॅनमधून उतरून थेट मैदानात येतं. त्याचं शरीर तयार करायला वेगळी वेळ काढावीच लागते. आणि त्यांच्या काळातही कितीजणांचे पाय गेले, ते मैदानाच्या कडेला उभे नसल्यामुळे आपल्याला दिसत नाहीत.

शाळकरी फुटबॉलमधलं मोठं स्वप्न म्हणजे १९६० पासून चालत आलेला, मुख्यतः दिल्लीत रंगणारा सुब्रतो चषक. तिथे जाणारी वाट जिल्ह्यातूनच निघते, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या संघांची विभागीय फेरीत गाठ पडते ती कोल्हापूरशी. तिथल्या मुलांना फुटबॉल पेठेतल्या तालमीत, थोरल्यांचं बघत मिळालेला असतो. त्यांच्या वारशाशी आम्ही एका पावसाळ्यात बरोबरी करू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण त्यांच्यासमोर आमची मुलं निदान तापलेल्या अंगाने, मोकळ्या पायांनी उभी राहिली पाहिजेत.

परवा शेजारच्या गावातल्या शाळेतून एका बाईंचा फोन आला. त्या मराठी शिकवतात. यंदा मुलींचा संघ त्यांच्याकडे आला आहे. ‘सर, मला फुटबॉलमधलं काहीच कळत नाही. सामन्याआधी मुलींकडून काय करून घेऊ?’ मी विचारलं, लहानपणी लंगडी खेळलात का? क्षणभर गप्प राहून म्हणाल्या, ‘तालुक्याला पहिला नंबर होता आमचा.’ मग फोनवरच आम्ही क्रम लिहून काढला: आधी संथ धाव, मग गुडघ्यांचे वळसे, मग दोन्ही पायांनी आळीपाळीने लंगडी, मांजरीसारखं उतरणं, शेवटी तीन धावा. माड कसे करायचे ते तोंडी सांगून नीट कळेना. म्हणून येत्या रविवारी त्या सोळा मुलींना घेऊन आमच्या पुळणीवर येणार आहेत. सकाळी आठच्या सुमारास ओहोटी आहे.